रेमंडच्या काचा

रेमंड हेब्डन भुयारात कधी उतरलाच नाही, पबात बसून तपासणीच्या कागदांवर सह्या ठोकायचा, हे थॉर्नबेक शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अडुसष्ट साली टॅनर रोचा रस्ता खचला, बेकरीचं तळघर धाडकन खाली गेलं. कुणी मेलं नाही, नशीब. पण बळी कुणाचा तरी द्यायचाच होता, तेव्हा शहराखालून वाहणाऱ्या ओढ्याच्या भुयाराचा तपासनीस म्हणून रेमंडला घरी बसवलं. सहा वर्षांच्या जॅनिसला शाळेत पोरं विचारायची, "काय गं, तुझा बाप बियरच्या ग्लासातून भुयार बघतो ना?"

ही जॅनिस मोठी होऊन त्याच खात्यात चिकटली! तीस वर्षं शहराच्या पोटात हिंडली, गाळ उपसला, उंदरांना शिव्या घातल्या. भुयाराच्या टॅनर रोच्या शाखेकडे मात्र फिरकली नाही. ती शाखा अडुसष्टपासून कुलपात होती. किल्ली मागितली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण बाप एकच सांगत आला होता, "मी उतरलो होतो, काच लावलीय." आणि खाली काच नसलीच तर? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

निवृत्तीला पाच महिने उरले असताना सगळ्या भुयारांची नव्याने पाहणी निघाली, आणि मूठ उघडायची वेळ आली.

सोबत रुबीना होती, खात्याची इंजिनिअर. कुलूप एका फिरकीत उघडलं तशी ती म्हणाली, "जॅनिस, पन्नास वर्षं बंद म्हणता, आणि हे तर तेल दिल्यासारखं फिरतंय!"

जॅनिसने दार ढकललं आणि शिडीवर पाय ठेवला.

शिडी उतरून दोघींनी दिवे वर केले आणि रुबीना म्हणाली, "या अल्लाह!"

देवळाच्या सभामंडपाएवढी कमान होती. लोकरीच्या गिरण्यांच्या काळात बांधलेली, दगडाला दगड असा बसवलेला की मध्ये सुरीचं पातं जायचं नाही. खालून ओढा वाहत होता, काळा आणि शांत. वर बस गेली की दगडांतून बारीक घरघर यायची. एवढं मोठं शहर, त्याचा बाजार, त्याच्या बेकऱ्या, सगळं या कमानीच्या पाठीवर उभं, आणि वरच्यांना पत्ता नाही. जॅनिसला वाटलं, टोपी काढावी. तिने काढलीसुद्धा.

"काच शोधायची म्हणता, म्हणजे नेमकं काय?" रुबीनाने विचारलं.

"जुन्या तपासनिसांची पद्धत. भेग दिसली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी चुन्यात बसवायची, शेजारी तारीख कोरायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. खोटं बोलत नाही काच."

पहिली सापडली १८८४ची. मग १९०९, १९३१. कोण कुठले तपासनीस, सगळे मातीत गेले, त्यांच्या काचा जागच्या जागी. जॅनिस भिंतीला हात लावत पुढे सरकत होती. अक्षरांवर दिवा पडला तेव्हा ती थांबली.

आर. एच. १९६७.

"आहे!" ती ओरडली. कमानीने तो शब्द लांबवर नेला. "अगं आहे! लावली होती त्यांनी!" आणि साठ वर्षांची बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून ढसाढसा रडली.

"जॅनिस," रुबीना हळूच म्हणाली, "त्याच्या खाली बघा."

काचेखाली दगडावर त्याच वळणात खिळ्याने कोरलेलं होतं, १९६९. त्याखाली १९७०. त्याखाली १९७१. दिवा खाली खाली जात राहिला आणि आकडे संपेचनात. सत्त्याऐंशी साली एक नवी भेग, तिच्यावर नवी काच. शेवटचा आकडा २००३, बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं ते साल.

नोकरीवरून हाकललेला माणूस दर वर्षी इथे एकटा उतरत होता. ज्या लोकांनी त्याला दारुडा म्हटलं त्यांच्याच पायाखालची भिंत तपासायला.

रुबीनाने फॉर्म काढला. 'शेवटची तपासणी' या रकान्यात छापून आलेलं 'नोंद नाही' खोडलं आणि लिहिलं, २००३, रेमंड हेब्डन. "मी इंजिनिअर आहे," ती म्हणाली. "दिसलं ते लिहिते."

दुपारी जॅनिस चिखलाच्या बुटांनीच वृद्धाश्रमात शिरली. एक्क्याण्णव वर्षांचा रेमंड चहात बिस्कीट बुडवत बसला होता.

"बाबा, मी टॅनर रोच्या खाली जाऊन आले."

बिस्कीट तुटून चहात पडलं. "सत्त्याऐंशीची काच?"

"शाबूत आहे. सगळ्या शाबूत आहेत."

"हां." त्याने डोळे मिटले. "तिचीच धास्ती होती."

"आणि तुमच्या स्वतःच्या नावाची?" जॅनिसचा आवाज चढला. "जन्मभर लोकांचं ऐकून घेतलंत! आई ऐकत गेली, मी ऐकलं! दर वर्षी जातो, एवढा एक शब्द बोलला असतात तर?"

"बोललो असतो तर माझ्याकडे राहिलेली किल्ली काढून घेतली असती, वेडे," रेमंड म्हणाला. "मग बघायला कोण गेलं असतं?"