फांदी धरणारा हात

सिंहाचं पोट भात्यासारखं आत-बाहेर होत होतं. मान पुढे काढलेली, जबडा उघडा, पहाटेच्या गारठ्यात तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसत होती. पण आवाज नव्हता. फिल्म मुकी होती. संस्थेच्या तळघरातल्या अरुंद खोलीत वसुधा हाताने चक्र फिरवत होती आणि वहीएवढ्या काचेवर दोन सिंह मुकाट गर्जत होते.

बासष्ट साल संपत आलं होतं. तिचा नवरा श्यामकांत ओगले पुण्याहून फ्रँकफर्टला प्राणिशास्त्रात डॉक्टरेट करायला आला होता. प्रोफेसर लिंडनरनी त्याला सहा महिन्यांसाठी टांगानिकाला धाडलं होतं. नर सिंह आपली हद्द आणि आपला कळप परक्या नरांपासून कसा राखतात, हे त्याने बघायचं आणि फिल्मवर टिपायचं. मागे एकट्या राहिलेल्या वसुधेला प्रोफेसरांनीच हे काम दिलं. आफ्रिकेतून आलेली रिळं बघायची, हललेले, काळवंडलेले तुकडे कापून टाकायचे आणि उरलेलं जोडायचं. तिचे हात बारीक कामाला सरावलेले होते, आणि नवऱ्याने पाहिलेलं सगळं आपण सर्वांच्या आधी बघतो, याचं तिला अप्रूप होतं.

त्या दोन सिंहांना श्यामकांतने थोरला आणि धाकटा अशी नावं ठेवली होती. वसुधेला ते आता घरच्यासारखे ओळखू येत. थोरल्याची आयाळ काळी, चाल जड. रोज हद्दीवरून फिरताना ठरावीक झुडपांपाशी थांबायचा, पाल्यात तोंड घासायचा, शेपूट वर करून फवारा मारायचा आणि पुढच्या झुडपाकडे निघायचा. धाकटा चार पावलं मागे. माद्या आणि पिल्लं सावलीत लोळत पडलेली असत. त्यांच्या लेखी हे दोघे जणू कामाला गेलेले असत. पुढे तीन परके नर दिसू लागले. तरुण होते, आयाळी अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. आधी ते लांब टेकाडावर दिसले, मग अलीकडच्या ओढ्यापाशी. वसुधेचा जीव वरखाली व्हायचा.

मग ते रीळ आलं.

सुरुवातीला चित्राच्या मधोमध एक काटेरी फांदी आडवी आलेली होती. मागे थोरला उभा होता आणि समोरून ते तिघे येत होते. मग उजवीकडून एक काळा हात आला. त्याने फांदी धरली आणि बाजूला ओढून धरून ठेवली. चित्र मोकळं झालं. तिघे थोरल्यावर तुटून पडले. त्याला त्यांनी उताणा पाडला, एकाने मांडीचा लचका तोडला, तरी तो मागे सरकेना, कारण मागच्या गवतात पिल्लं होती. इतक्यात पार टोकाकडून धाकटा धावत आला आणि थेट घोळक्यात घुसला. पाचही जण एकमेकांत गुंतून, कॅमेरा होता त्या गाडीच्या रोखाने लोळत आले.

इथे चित्र गडबडलं. आभाळ, गवत, मग गाडीचं आतलं छत. कॅमेरा मांडीवर पडला असावा आणि तसाच चालू राहिला असावा. खालून वर बघावं तशी खिडकीची काच दिसत होती. काच वर चढली आणि बाहेरून तिच्यावर एक तळवा आपटला. मग एक चेहरा आला. पांढऱ्या केसांचा, साठीकडे झुकलेला माणूस होता. त्याचे ओठ हलत होते. आतून दुसरा हात पुढे आला आणि दाराची कडी घट्ट दाबून धरून राहिला. त्या हातात पोवळ्याची अंगठी होती. प्रवासात जपायला हवं म्हणून पुण्याहून निघताना सासूबाईंनी ती श्यामकांतच्या बोटात घातली होती.

तळवा काचेवरून सरकला. चेहरा गेला. रीळ संपलं.

वसुधेने चक्र सोडलं आणि कितीतरी वेळ पदराने हात पुसत राहिली.

त्या माणसाचं नाव जुमा. श्यामकांतच्या पहिल्या पत्रात ते एकदा आलं होतं; पुढे तो नेहमी 'माझा बॉय' असायचा. बॉयने चहा केला, बॉयने चाक बदललं. वाचताना तिला हाफपँटमधला कुणी पोऱ्याच डोळ्यांसमोर यायचा. आणि हा तर तिच्या वडिलांच्या वयाचा निघाला. दोन वर्षांपूर्वी फ्रँकफर्टमध्ये खोली शोधत ती दोघं वणवण हिंडली होती. टेलिफोनवर "हो, हो, या की," म्हणणाऱ्या बायका दारात त्यांचे चेहरे बघून खोली आत्ताच गेली म्हणायच्या. अशाच एका जिन्यात श्यामकांत टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. त्या दिवशी तो जेवला नव्हता. हे लोक आपल्याला माणसात धरत नाहीत, म्हणाला होता.

जानेवारीत तो परतला. रापलेला, वाळलेला. मेन नदी गोठली होती. वसुधेने त्याला बूट काढू दिले, जेवू दिलं, झोपू दिलं. आपण होऊन सांगेल, या आशेवर ती थांबली. त्याने थोरला त्या जखमांनी चार दिवसांत मेल्याचं सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले. जुमाचं नाव काही निघालं नाही.

निघालं ते शनिवारी दुपारी, भास्कर आला तेव्हा. भास्कर आखनला इंजिनियरिंग शिकत होता आणि मराठी जेवणासाठी कुठेही जायची त्याची तयारी असे. दारातूनच त्याने विचारलं, "काय वहिनी, आमचे वनराज उतरले का अंगणात?" पिठलं-भाताच्या दोन ताटांनंतर त्याला सिंहांची गोष्ट हवी झाली. श्यामकांत रंगून सांगत होता. वसुधा पडद्याआडच्या शेगडीपाशी उभी होती.

"ते सगळं खरं," भास्कर म्हणाला, "पण तुम्ही स्वतः गाडीतून उतरलात की नाही, ते सांगा. नाहीतर आम्ही समजायचं की सिंह बाहेर आणि ससा आत."

श्यामकांत हसला. "मी नाही उतरलो. बॉय उतरला, मूर्खासारखा. शंभरदा बजावलं होतं. पायाचं मांस गेलं त्याच्या. जगला, नशीब म्हणायचं."

वसुधेच्या हातात ताकाचा पेला होता. तो तिने बाहेर नेला नाही. अंगावरचं वस्त्र चारचौघांत फिटावं तसं तिला झालं होतं, आणि बाहेर दोघे हसत होते.

भास्कर गेल्यावर ती म्हणाली, "ते रीळ मी पाहिलंय."

श्यामकांत सिगारेट पेटवत होता. काडी बोटापर्यंत जळत आली. "शेवटचं टोक काढून टाक. काळपट आलं असेल."

"काळपट नाही. स्वच्छ आलंय."

मग त्याने भराभर सांगितलं. छावणीच्या मुख्यांना त्याने जुमा हुकूम मोडून उतरला असं सांगितलं होतं, नाहीतर त्यांनी श्यामकांतलाच तिथल्या तिथे परत धाडलं असतं. आता ते जुमाला ठेवायचं की काढायचं हे प्रोफेसरांना विचारत होते, कारण हुकूम मोडणारा माणूस छावणीत चालत नाही. उद्या सकाळी संस्थेच्या सभागृहात फिल्म दाखवायची होती. सोमवारी प्रोफेसर कळवणार होते.

"तू तिथे नव्हतीस," तो म्हणाला. "असतीस तर तूच म्हणाली असतीस, दार लावा म्हणून."

हे खरंच होतं. वसुधेला ते कबूल होतं. तो मांसाचा गोळा अंगावर लोळत येताना तिने आणखी काय म्हटलं असतं?

"दार लावलंत त्याला मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "मूर्ख म्हणालात, त्याला म्हणते. फांदी धरायला तुम्हीच उतरवलं होतंत ना?"

त्याने दुसरी काडी ओढली.

"मी काही कापणार नाही. चित्र तिथवर आलं की तुमच्या तोंडाने सांगा. मला एवढंच हवंय."

"बघतो," तो म्हणाला. वसुधेने त्याचा अर्थ होकार असा घेतला. लग्नाला सहा वर्षं झाली होती; इतकं तर कळतं, असं तिला वाटलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. थंडीने लाल झालेली नाकं, ओल्या लोकरीचा वास, पहिल्या रांगेत प्रोफेसर आणि फ्राऊ लिंडनर. वसुधा जरीकाठी साडीवर कोट घालून मागे प्रोजेक्टरपाशी उभी होती. पडद्याशेजारी छडी घेऊन श्यामकांत. त्याचं जर्मन त्या दिवशी कधी नव्हे इतकं सफाईदार होतं. थोरला झुडपाशी तोंड घासू लागला तेव्हा मुलं खिदळली. तिघे परके टेकाडावर दिसले तेव्हा सगळे चिडीचूप झाले.

"एकटा सिंह हद्द राखू शकत नाही, कितीही बलवान असला तरी," श्यामकांत सांगत होता. "त्याला जोडीदार लागतो. आणि वेळेला जोडीदार पळाला, तर सगळंच जातं. आम्ही पाहिलेलं मुख्य हेच."

पडद्यावर हात आला, फांदी बाजूला झाली. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. तिघे थोरल्यावर तुटून पडले, धाकटा धावत आला, सभागृहातून एकच निःश्वास उमटला. मग आभाळ, गवत. वसुधेचं लक्ष पडद्यावर नव्हतंच. ती नवऱ्याकडे बघत होती. आता बोलतील. आता.

काच वर चढली. तळवा आपटला.

श्यामकांतने छडी खाली केली. पडद्याकडे पाठ करून, दोनशे माणसांच्या डोक्यांवरून, तो मराठीत म्हणाला, "अगं, बंद कर ते. पाया पडतो तुझ्या."

आवाज अगदी साधा होता, घरात मीठ मागावं तसा. त्या सभागृहात ते दुसऱ्या कुणालाही कळलं नाही. नवऱ्याने आपल्याला असं म्हणावं, तेही भर सभेत! विचार करायच्या आत तिचं बोट बटणावर गेलं होतं.

अंधार झाला. फिल्म तुटल्याचं श्यामकांतने जर्मनमध्ये सांगून माफी मागितली. लोक समजुतीने हसले, दिवे लागले, टाळ्या वाजल्या, वाजत राहिल्या. प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, त्या मदतनिसाला अपघात झाला होता ना? आणि श्यामकांत म्हणाला की दुर्दैवाने तो सांगितलेलं ऐकत नसे. प्रोफेसरांनी मान डोलावली.

वसुधा रीळ उलटं गुंडाळत असताना फ्राऊ लिंडनर तिच्यापाशी आल्या. मायाळू बाई. थंडीत वसुधेला लोकरीचे मोजे त्यांनीच विणून दिले होते. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, शेवटी काचेवर मला काहीतरी दिसलं, काय होतं ते?

सांगायची वेळ पुन्हा आली होती, आणि या खेपेला विचारणारी भली होती. वसुधेने त्यांच्या विणकामाच्या टोपीकडे बघितलं, पलीकडे लोकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या श्यामकांतकडे बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "काचेवर डाग होता."

परतताना ट्राममध्ये गर्दी नव्हती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी श्यामकांत दांडीला धरून उभाच राहिला. दोन थांबे गेल्यावर तो वाकला आणि म्हणाला, "डांके."

मराठीत त्याने तिचे आभार कधी मानले नव्हते. त्यांच्या घरात नवराबायकोत तशी रीतच नव्हती, आणि तिला ती कधी हवीशीही वाटली नव्हती. आता त्याने शब्द काढला तोही तिकीट देणाऱ्या कंडक्टरला म्हणतात तो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानं बंद होती. सोमवारी तळघरात गेल्यावर तिने ते टोक कापलं, आणि तुकडा केराच्या डब्यात टाकून वर चहाची ओली पत्ती ओतली.

पुढे श्यामकांतला डॉक्टरेट मिळाली. थोरल्या-धाकट्यावरचा त्याचा निबंध पुष्कळांनी वाखाणला. चांगल्या नोकरीसाठी ती दोघं म्युनिकला गेली. लोक त्याला जेवायला बोलवत, सिंहांची गोष्ट सांगायला लावत. जोडीदाराचं वाक्य जवळ आलं की वसुधा कुणाच्याही घरी असली तरी ताटं उचलायला उठायची. सगळे म्हणत, किती कामसू बाई.

पण हे नंतरचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, झाडांना पालवी फुटत होती तेव्हा, छावणीकडून आणखी एक रीळ आलं होतं. ते दुसऱ्याच कुणी टिपलेलं होतं. वसुधेने चक्र हळूहळू फिरवलं. धाकटा एकटाच होता. जुन्या हद्दीच्या पार बाहेर, ओढ्याच्या पलीकडे, मान खाली घालून तो चालत होता. एकाही झुडपापाशी थांबत नव्हता. मागे लांबवर, माद्यांच्या जवळ, ते तिघे पसरले होते. पिल्लं कुठे दिसत नव्हती.

मग गाडी आली. एक तरुण, नव्या खाकी सदऱ्यातला माणूस खांद्यावर कॅमेऱ्याची तिवई घेऊन उतरला आणि भराभर चालत चित्राबाहेर गेला. वसुधेने ते मागे फिरवून पुन्हा बघितलं. गाडीत आणखी कुणी बसलंय का, मागे तंबूपाशी कुणी पांढऱ्या केसांचा, पाय ओढत चालणारा आहे का, म्हणून एकेक चित्र काचेला डोळा लावून बघितलं. कुणी नव्हतं.

तिने रीळ डब्यात ठेवलं आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली. उजेड छान होता, कॅमेरा कुठेही हलला नव्हता. त्या रिळात कापण्यासारखं काही नव्हतं.