चुन्याच्या निवळीतलं शेवाळ

“फोडी आधी चुन्याच्या निवळीत बुडव गो, नायतर पाकात त्यांचा लगदा होईल.” कोहळ्याचा पेठा करताना आई सांगायची. ती जाऊन बारा वर्षं झाली. तारापूरच्या कारखान्यात तुंबलेल्या नळीपुढे बसलेल्या समिधाला तो आवाज अचानक आठवला.

धातूला निकेलचा मुलामा देणारा हा कारखाना. त्याच्या सांडपाण्यातलं निकेल समुद्रशेवाळात शोषून घ्यायचं, असा समिधाचा प्रयोग होता. पण वाळकं शेवाळ भिजलं की बुळबुळीत होऊन नळी तुंबवायचं. मालक शैलेशने शनिवारपर्यंतची शेवटची मुदत दिली होती.

तिने शेवाळ निवळीत भिजवलं, खळखळून धुतलं आणि उन्हात घातलं. ते केळव्याच्या खडकांवरून वडिलांनी, अण्णांनी, आणून दिलं होतं.

“आता पेठा विकायचा विचार हाय काय, बाय?” अण्णांनी चेष्टा केली.

शनिवारी नळीत भरलेलं शेवाळ फुगलं, पण विरघळलं नाही. वरून खाडीसारखं हिरवट पाणी गेलं, खालून विहिरीसारखं नितळ आलं. तपासणीत निकेल मर्यादेच्या कितीतरी खाली होतं.

“सोमवारपासून मोठी टाकी लावू,” शैलेश म्हणाला. समिधा हसता हसता रडली.

प्रयोग बघायला आलेले अण्णा वरच्या हिरवट पाण्याकडे बघत राहिले. त्यांची सारी नोकरी अशाच एका कारखान्यात गेली होती.

“बाय,” ते हळूच म्हणाले, “आमच्याकडचं असलं पाणी मीच खाडीत सोडायचो. तुझ्या आईलापण कधी सांगितलं नाय.”