प्रेमिला आत्या: दोन लाख सेहेचाळीस हजार

“बचत खातं मायनसमध्ये कसं जाते वं?” प्रेमिलाने विचारलं.

ऋतुजाने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. “मायनस? कुठे, आत्या?”

“हे पाह्य. खालच्या कोपऱ्यात. वजा सत्तेचाळीस हजार आठशे.” प्रेमिलाने बोट पडद्याला न टेकवता दाखवलं. एकतीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढल्यावर काचेला बोट लावायची सवय उरत नाही. “हे मायचंच खातं आहे न?”

“हो, आजीचंच.”

“मग बँकेनं तिले उधार देल्लं का? बिछान्यातल्या म्हातारीले?”

ऋतुजाने कोपऱ्यातला आकडा मोठा करून पाहिला.

रविवारचे सकाळचे दहा वाजले होते. हुडकेश्वरच्या या घरी, ऋतुजाच्या बापाकडे, प्रेमिला आईच्या तेरवीनंतर पहिल्यांदाच आली होती, आणि तिला कोणी बोलावलं नव्हतं. महाल भागातल्या आपल्या घरून बसने येताना कापडी पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. पिशवीत जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या, आईचं पासबुक आणि एक लिफाफा.

तेरवी बुधवारी झाली. गुरुवारी दुपारी तिच्या धाकट्या भावाने, रुपरावने, ‘धकाते परिवार’ या ग्रुपवर एक चित्र टाकलं. दोन वर्षांत आईच्या खात्यातून काढलेले पैसे कुठे गेले ते दाखवणारा गोल. अशा गोलात सहसा वेगवेगळ्या रंगांचे तुकडे असतात. यात एकच होता. सगळा गोल तांबडा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘प्रेमिला आत्या: २,४६,०००’. खाली रुपरावने दोन शब्द जोडले होते: पारदर्शकतेसाठी सादर.

ते चित्र आलं तेव्हा प्रेमिला औषधांच्या दुकानात उभी होती. आईच्या डायपरचं एक न फोडलेलं पॅकेट ती परत करायला गेली होती. दुकानदार तीनशे ऐंशी रुपये मोजून देत होता आणि तिचा फोन एकसारखा वाजत होता. एकूण तेवीस उत्तरं आली. नमस्काराचे हात आले. उमरेडच्या मीराबाई काकूंनी लिहिलं, ‘देवाले सगळं दिसते.’ एका चुलतभावाने लिहिलं, ‘इतले पैसे एका म्हातारीले लागते का?’

प्रेमिलाने ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. पुढचे दोन दिवस ती वह्यांमधल्या बेरजा पुन्हा तपासत बसली. रागाच्या भरात माणूस बेरीज चुकतो, म्हणून तिने प्रत्येक पानाची बेरीज वरून खाली केली आणि मग खालून वर.

“मले सांग,” ती आता ऋतुजाला म्हणाली, “‘प्रेमिला आत्या’ हा माया नावाचा खाना कोणी केला?”

ऋतुजाने ओठ चावला. ती एका कंपनीत कामाला होती आणि बापाच्या प्लॉटच्या धंद्याचा, घरखर्चाचा हिशोब याच प्रोग्राममध्ये ठेवत होती. “प्रोग्राम त्याला ‘अवर्गीकृत’ म्हणत होता, आत्या. म्हणजे कशाचे पैसे ते माहीत नाही असे. एटीएममधून तूच काढत होती ना. म्हणून मी नाव बदललं. सोपं पडावं म्हणून.”

“माहीत नाही त्याले माया नाव.”

“सॉरी, आत्या.”

“सॉरी नंतर. पहिले चूक भेटली पायजे.”

लॅबमध्ये रोज सकाळी पेशंटच्या रक्ताआधी कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे असा नमुना, ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो. तो बरोबर आला नाही तर त्या दिवशी एकही रिपोर्ट टेबलावरून उठत नाही, मग बाहेर कोणीही ओरडू दे. प्रेमिलाने पासबुक उघडून शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवली. शिल्लक सतराशे रुपये.

“बँक म्हणते सतराशे हायेत. तुया प्रोग्राम म्हणते सत्तेचाळीस हजार आठशे देणं. फरक किती?”

“एकोणपन्नास हजार पाचशे.”

“हे न पाहता तू चित्र काढलं, अन् तुया बापानं गावभर वाटलं.”

स्वर चढला नव्हता. ऋतुजाने खुर्ची जवळ ओढली आणि एटीएमच्या नोंदी वरून खाली वाचायला सुरुवात केली. प्रेमिला पासबुकात एकेक ओळ पट्टीखाली घेत होती. पहिलं वर्षभर सगळं जुळलं. जुलैपाशी पट्टी थांबली.

“सहा जुलै, आठ हजार,” ऋतुजाने वाचलं. “सात जुलै, आठ हजार.”

“सात नाही. इथं एकच हाय, सहा तारखेचं.”

ऋतुजाने मागे जाऊन पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “दोन फायली आहेत. एक स्टेटमेंट बँकेनं ईमेलवर पाठवलेलं, डिसेंबरपर्यंतचं. दुसरं मी ॲपमधून घेतलं, जुलैपासूनचं. मधले सहा महिने दोन्हींत आहेत. एकात पैसे काढल्याची तारीख आहे, दुसऱ्यात बँकेनं नोंद केल्याची. एक दिवसाचा फरक. प्रोग्रामला वाटलं वेगवेगळे आहेत.”

प्रेमिलाने मान हलवली. मशीनमधून एकाच पेशंटचे निकाल दोनदा चढलेले तिने पाहिले होते. ही चूक तिला नवी नव्हती. तिला दुसरंच काही खटकत होतं.

“अन् जमा? रुपरावचे दरमहा आठ हजार? थे दोनदा नाही चढले?”

“चढले होते. पण बाबांचं खातंही यात आहे ना. तिकडून एकदाच गेले, इकडे दोनदा आले, जोडी जुळेना. प्रोग्रामनं विचारलं. मी जास्तीचे काढून टाकले.”

“अन् मी काढलेल्याले जोडी कोणाची?”

“कोणाचीच नाही. ती रोकड होती.”

प्रेमिलाने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. भावाने दिलेला रुपया एकदाच मोजला गेला, कारण त्याच्या बाजूने एक खातं साक्षीला होतं. तिने काढलेला रुपया दोनदा मोजला गेला, आणि पोरीला शंकाही आली नाही. साक्ष तर तिच्याकडेही होती. महालात आईच्या खाटेशेजारच्या टेबलावर पडलेली, बिलं चिकटवून फुगलेली. कोणी मागितली नाही.

“ह्या धर,” तिने वह्या पुढे केल्या. “माया नावाचा खाना मोडायचा. ज्याचं त्याले नाव दे.”

ऋतुजाने सहा महिन्यांच्या जादा नोंदी काढल्या. कोपऱ्यातला आकडा सतराशेवर आला. मग ती वहीतून एकेक ओळ घेऊ लागली. डायपर. लघवीची पिशवी. पाठीच्या जखमेचं मलम. हाडाचे डॉक्टर, घरी येण्याची फी. हवेची गादी, आणि ती फुटल्यावर दुसरी. प्रयागबाईचा पगार नऊ हजार. प्रयागबाई म्हणजे दिवसभर आईपाशी राहणारी बाई. पुन्हा प्रयागबाईचा पगार. असा चौदा महिने, प्रत्येक ओळीसमोर प्रयागबाईची मोठ्या अक्षरातली सही. एका ओळीत फक्त ‘बोरं, पाच रुपये’ होतं.

“बोरं?”

“मागितली होती. खाल्ली नाही. हातात धरून बसली.”

बाराला रुपराव प्लॉट दाखवून परत आला. बहिणीची चप्पल दारात पाहून क्षणभर थबकला, मग मोठ्याने म्हणाला, “अरे, ताई. फोन तरी करायचा. सुरुची, चहा ठेव वं.”

“चहा झाला,” प्रेमिला म्हणाली. “बस गा इथं.”

ऋतुजाने बापाला सगळं सांगितलं. दोन फायली, सहा महिने, एकोणपन्नास हजार पाचशे. खात्यातून खरे निघाले एक लाख शहाण्णव हजार पाचशे. मग ती थांबली आणि वहीच्या शेवटच्या पानाकडे पाहत म्हणाली, “आणि आजीवर खर्च झाले तीन लाख एकतीस हजार दोनशे चाळीस. बिलं आहेत, बाबा. वरचे एक लाख चौतीस हजार सातशे चाळीस आत्याच्या पेन्शनमधून गेले.”

त्याची बायको सुरुची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रुपरावने मानेवरून रुमाल फिरवला.

“मंग बोलली काहून नाही, ताई? मी टाकले असते.”

“दिवाळीत बोलली. प्रयागबाईचा पगार सांगितला. तू म्हणाला, आठ हजारांत एका जिवाचं आरामात होते.”

“तसं नव्हतं म्हणायचं...”

“मले तुये पैसे नाही पायजे, रुपराव. मी मागाले नाही आली.”

“मंग का पायजे?”

“जिथं लिहिलं तिथं दुरुस्त कर.”

रुपराव हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, “अवं, पोरीची चूक झाली. कॉम्प्युटर हाय शेवटी. ग्रुपवर कशाले पुन्हा? लोक विसरले असतील.”

“मीराबाई काकू विसरल्या? काल महालच्या बाजारात आल्या होत्या, तोंड फिरवून गेल्या.”

“मी त्याहिले फोन करतो.”

“फोन नाही. आमच्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट गेला तर सुधारित रिपोर्ट त्याच माणसाले, तसाच कागदावर जाते. अन् ज्यानं सही केली थोच सही करते. पोरीनं नाही पाठवलं. तू पाठवलं.”

“आपल्याच घराची बदनामी होते, ताई.”

“मायी झाली थे कोणाच्या घराची होती?”

प्रेमिलाने हातातली पट्टी पासबुकावर आडवी ठेवली. “बाबा मागावर बसत तेव्हा तू लहान होता. ताण्याचा एक धागा तुटला की माग थांबवत. तसंच विणत गेलं तर लुगड्याले पदरापर्यंत रेघ पडते म्हणत. मी साठ पार केली, रुपराव. माया पदरापर्यंत आता किती राहिलं? मले ही रेघ नाही पायजे.”

ऋतुजा म्हणाली, “बाबा, लिहा.”

रुपरावने फोन काढला. एका बोटाने बराच वेळ लिहिलं आणि बहिणीपुढे धरलं. ‘हिशोबात थोडी गडबड होती, क्षमस्व.’

“थोडी नाही. आकडा लिही.”

त्याने पुसलं, पुन्हा लिहिलं. ‘गुरुवारचा हिशोब चुकीचा होता. ४९,५०० रुपये दोनदा मोजले गेले. खात्यातून १,९६,५०० निघाले व ते सर्व आईच्या औषधपाण्याला लागले. बिले पाहिली आहेत. प्रेमिलाताईचे नाव लावणे चूक होती.’ मग विचारलं, “तू पेन्शनमधले टाकले थे लिहू का?”

“नको. थे तुले कळलं, बस झालं. गावाले सांगाचं नाही.”

त्याने पाठवलं आणि फोन टेबलावर ठेवला. चौघांचंही लक्ष तिकडेच होतं. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. गुरुवारी पहिलं उत्तर यायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

प्रेमिलाने पासबुक पिशवीत ठेवलं. मग लिफाफा उघडला.

“हे डायपरचे. परत केले, तीनशे ऐंशी आले. पॅकेट मायच्या पैशाचं होतं.” तिने सुटे करूनच आणले होते. शंभर, पन्नास, वीस, वीस. भावाच्या पुढे एकशे नव्वद रुपये मांडले आणि तेवढेच स्वतःच्या बटव्यात टाकले. “बँकेतल्या सतराशेंचं बँक सांगीन तसं करू.”

“ताई, हे काय करून राहिली? राहू दे न.”

“मोज.”

त्याने मोजले नाहीत. तिने वहीची शेवटची ओळ त्याच्यापुढे धरली, पेन दिला, आणि त्याने सही करेपर्यंत उभी राहिली. सही वाळल्यावर वही मिटली. ऋतुजा गाडीने सोडते म्हणाली, पण बस आहे म्हणत प्रेमिला पायऱ्या उतरून गेली.

तिच्या मागे टेबलावरच्या नोटा पंख्याच्या वाऱ्याने सरकू लागल्या. रुपरावने त्यांच्यावर फोन ठेवला. नोटांच्या कडा हलत राहिल्या. जेवणाची ताटं वाढून झाली तरी फोन वाजला नव्हता.