टेलरकाकांची आई गप्प का?

दुकानाच्या एका भिंतीवर काळ्या जाड कॅसेट, समोरच्या भिंतीवर पातळ चकचकीत डिस्क. मधे टेबल. टेबलाच्या अल्याड आत्या, पल्याड भाची.

"माझ्या डिस्कवर माणसाच्या पापण्या मोजता येतात, आत्या. तुझ्या कॅसेटवर नाक कुठे ते शोधावं लागतं!"

"मोज बाई पापण्या. नाक मला पाठ आहे."

रोजचंच हे. जुनी कॅसेट आत्याने चालवायची, भाचीने चित्र उजळून डिस्कवर घ्यायचं, असा दोघींचा धंदा.

टेलरकाकांनी दिलेली कॅसेट एकुलती एक होती. आई गेली, तिचं पायमशीन गेलं, उरली ती एवढी वीस मिनिटं. खिडकीशी बसून आई शिवतेय.

डिस्क बघायला काका आले. पडद्यावर टाका न् टाका मोजून घ्यावा इतका लख्ख. आईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसला. काका बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "झकास झालंय गं पोरी. पण आई गप्प का?"

"म्हणजे?"

"शिवताना गुणगुणायची ती. कॅसेटमधे ऐकू यायचं."

भाचीचा चेहरा उतरला. कॅसेटची खरखर नको म्हणून तिने आवाज आधीच गाळून घेतला होता. त्यात मशीनची घरघर गेली, आणि घरघरीच्या कुशीतलं गुणगुणणंही गेलं. "न गाळलेलं मी ठेवलंच नाही, काका. चुकलं माझं."

आणि फितीला मधेच चुणी पडलेली. पुन्हा चालवली तर तुटायची भीती.

"राहू दे मग," काका उठले.

"बसा खाली," आत्या म्हणाली. "मी काय इथे माश्या मारायला बसलेय?"

तिने पाच स्क्रू काढले. दोन्ही रिळं उचलून चांगल्या कॅसेटच्या पोटात बसवली. चुणीवरून बोटाचं पोट फिरवलं, एकदा, दोनदा, तान्ह्याच्या कपाळावरून फिरवावं तसं. मग फीत हाताने शेवटापर्यंत नेली, हातानेच माघारी आणली.

"तुझ्या डिस्कवर जागा आहे ना?"

"ढीगभर."

"मग घरघरीला हाकलू नकोस. तीही घरचीच."

फीत चालली. चुणीपाशी पडद्यावर पांढरी रेघ थरथरली. भाचीने श्वास रोखला. आत्याने बटण केसभर फिरवलं. रेघ सरली, फीत पुढे गेली.

तासाभराने नवी डिस्क लागली. टाका तोच, तीळ तोच. मशीन घरघरलं, आणि त्या घरघरीतून बारीक, सुईच्या नेढ्यातून यावा तसा, आईचा सूर आला.

 टेबलाखाली ठकठक ऐकू येऊ लागली. भाचीने वाकून पाहिलं. काकांचा पाय मशीन चालवत होता, आईच्या लयीत.