साधी बशी

तेलाखालचा तो थेंब मोहरीएवढा, आणि त्यात पाच गर्भ — त्यातले तीन काळवंडलेले, जागच्या जागी थांबलेले. तिनं सूक्ष्मदर्शकाचं चाक पुन्हा फिरवलं, नीट पाहिलं तर ते वाढणार असल्यासारखं. आठवा दिवस. साध्या बशीत चाळीसपैकी नऊ तरले. शेजारच्या बशीत, जिच्यात पेशींचा ताण कमी करणारं औषध घातलं होतं, तिच्यात अठरा. गाईच्या गर्भांवर तीन वर्षं घासल्यावर मोठ्या सरांना हवा होता तो आकडा हाच, आणि सकाळपासून ते प्रयोगशाळेत शीळ घालत हिंडत होते, जी त्यांना मुळीच जमत नाही.

ती मात्र पुन्हा पुन्हा मोजत होती. एरवी साध्या बशीत तेरा-चौदा येतात. नऊच कसे... कसे ते तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवसापर्यंत उबेच्या कपाटातून बशी काढायची नाही, हा नियम तिनंच दारावर चिकटवलेला — उजेड, गारवा, बाहेरच्या हवेतला जास्तीचा प्राणवायू, सगळ्याचाच त्या पेशींना ताण. आणि तिनंच ती काढली होती, तीनदा. औषधाची नाही, साधीच. त्या बशीला औषध होतं. हिला कोण होतं... जरा बघते, एवढंच मनात असायचं. बघता बघता दहा मिनिटं जायची.

तिच्या आईचंही असंच. धाकटा भाऊ अशक्त, म्हणून तासातासाला त्याच्या कपाळावर हात, झोपेतून उठवून विचारणं — बरं वाटतंय ना? तिला कधी कुणी उठवलं नाही. ती आपली गाढ झोपायची आणि सकाळी धुसफुसायची, की माझा ताप कुणी का बघत नाही. धाकटा आज चाळिशीचा घोडा झाला, तरी शर्ट घ्यायचा तर आईला फोन लावतो. त्यावरून त्याला किती चिडवलं तिनं... आणि आता हे तीन काळे दाणे. औषधानं त्या अठरांना तारलं, की मी यांना मारलं? थोडं हे, थोडं तेही असेल. पण किती, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. गप्प बसली तर औषधाचा हा भलताच मोठा गुण तिच्या हातून जगभर जाणार होता. बोलली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि सरांची ती बेसूर शीळ बंद.

सर आत आले. आकडे पाठवून देऊ ना, असं विचारत त्यांनी खुर्ची ओढली.

"थांबा सर," ती म्हणाली. "साधी बशी मी मध्ये बाहेर काढली होती. तीनदा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"पण का?"

"काळजी वाटली."

शब्द बाहेर पडला आणि तिचा तिलाच परका वाटला. बशीतल्या जिवांनी काही मागितलं नव्हतं. अंधार आणि ऊब त्यांना पुरे होती. दार उघडून, बघून, सगळं ठीक आहे असं मनाला सांगून शांत व्हायची ती तीच. सर काहीतरी बोलत होते, बहुधा तारखांविषयी. तिला लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती... पण धाकट्याच्या उशाशी बसलेली आई तेव्हा तिच्या आजच्या वयाहून चौदा वर्षांनी लहान होती, किती भ्यालेली असेल, हे आजवर कधी मनातच आलं नव्हतं. आणि इतकी वर्षं जपलेला आईवरचा तो राग चाचपायला गेली, तर तो तिला सापडेना.