ताईची सत्तावीस पानं

चार वाजता पहिला प्रयोग, आणि सव्वाबाराला आमच्या नाटकातली आई जिन्यावरून घसरून पाय मोडून बसली! आता बोला. दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची, तिचा चेहरा पांढराफटक. "काका, करायचं काय?" मी प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटायची, एवढीच माझी अक्कल. पण तोंडातून निघून गेलं, "माझी ताई आहे ना!"

बोलून बसलो आणि जीभ चावली. ताई एकेकाळी काय नटी होती म्हणून सांगू! पण एका प्रयोगात मी गाढवानं दोन पानं एकदम उलटली आणि तिला भलतंच वाक्य दिलं. ती गडबडली, लोक फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून तिनं रंगमंचाचं नाव टाकलं. सव्वीस वर्षं झाली. मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागतं.

फोनवर तिनं आधी मला झाडलं. मग म्हणाली, "फक्त आजचा दिवस. उद्या दुसरी शोधा. आणि हे बघ, सगळं बाड माझ्यापुढे आपटू नकोस, हातपाय गळतील माझे. माझी नक्कल काढून ठेव."

नक्कल म्हणजे एकाच पात्राची वाक्यं उतरवलेली वही. पूर्वी हातानं लिहायचो, बोटं सुजायची. आता नाटक म्हणजे चौऱ्याण्णव पानांची पीडीएफ. मी शोधायच्या चौकटीत 'आई' आणि पुढे दोन टिंबं टाकली. तिचं बोलणं जिथे सापडलं त्या प्रत्येक पानावर खूण केली आणि 'निवडलेली पानं वेगळी करा' दाबलं. पापणी लवायच्या आत सत्तावीस पानांची सुटसुटीत फाइल! ठसठशीत अक्षरात छापली. स्वतःवर असा खूश झालो की विचारू नका.

ताई आली, चष्मा लावला आणि पानं गिळायला बसली. ओठ हलतायत, बोटं हवेत नाचतायत. पन्नाशी ओलांडलेली माझी बहीण वीस वर्षांची दिसायला लागली! पहिल्या दोन अंकांच्या हालचाली बसवल्या. तिसऱ्याला वेळच उरला नाही. दिग्दर्शिका म्हणाली, "शेवट वाचलाय ना? तिथे तुम्हाला बोलायचं काही नाही."

"सगळं वाचलंय मी," ताई म्हणाली.

पडदा उघडला. अहो, काय सांगू! घर सोडून गेलेल्या मुलीची वाट बघणारी आई. ताईनं पहिल्याच वाक्याला थिएटर मुठीत घेतलं. मी विंगेत पानावर बोट ठेवून उभा, पण एक शब्द सुचवावा लागला नाही. एक्क्याऐंशीव्या पानावर ती शेजारणीला म्हणाली, "जाताना दार उघडंच ठेव." म्हणाली आणि चालू लागली. सरळ माझ्या दिशेनं.

मी पान उलटलं. 'म्हातारी खिडकीशी बसून आहे. शेजारीण बोलत राहते.' पुढची सगळी पानं तशीच. लेखकानं तिथे आईचं नाव बदलून म्हातारी केलेलं, आणि तिला वाक्यच नाही! माझ्या शोधात ती पानं आलीच नव्हती. ताईच्या नाटकाला शेवटच नव्हता. पुन्हा मीच!

"मागे फिर! खिडकी! खुर्ची! बस!" मी दोन्ही हात हलवत पुटपुटलो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं, अगदी तसं. मग सावकाश वळली, जणू काही विसरलं होतं म्हणून, आणि खिडकीशी जाऊन बसली. शेजारीण बोलत राहिली. ताईची बोटं पदराशी चाळा करत होती. पुढे काय आहे, तिला ठाऊकच नव्हतं.

मागच्या दारातून मुलगी आली. बॅग खाली ठेवली. संहितेत आई वळतसुद्धा नाही, नुसता अंधार होतो. पण ताईनं आवाज ऐकला, मान वळवली आणि ताडकन उठली. खुर्ची आडवी झाली. क्षणभर नुसती बघत राहिली. मग पुढे होऊन तिनं त्या पोरीचे दोन्ही दंड चाचपले.

"किती वाळलीस गं!"

हे वाक्य कुठल्याच पानावर नव्हतं. पोरगी खरंच रडायला लागली. प्रकाशवाला दिवे घालवायचे विसरला. थिएटरात टाळ्या! उभं राहून टाळ्या! मी पडद्याचा दोर धरून हमसून हमसून रडत होतो, लाज सोडून.

पडदा पडल्याबरोबर ताई विंगेत आली आणि माझा कान धरला. "शेवटची पानं कुठं गेली?"

सगळं खरं सांगितलं. "ताई, चुकलो. तेव्हाही आणि आताही."

तिनं कान सोडला नाही. धाप लागली होती, डोळे लकाकत होते.

"उद्या किती वाजता यायचं?"