खंडेनवमीची केबल

डिंपलला परीक्षेत हसू यायचं. भीतीने हात गार पडले की आधी हसूच फुटायचं. गोंदियाच्या नेटवर्किंग क्लासच्या प्रॅक्टिकलमध्ये ती दोनदा आपटली होती आणि आज शेवटची संधी होती. पास झाली तर सोमवारपासून नागपूरला नोकरी, एवढं वडिलांनी कसंबसं कबूल केलं होतं. नाहीतर कोहमाऱ्याला भावजींच्या ढाब्यावर पोळ्या लाटायच्या, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

समोर दोन राउटर, मधे जाडजूड सिरियल केबल. या जोडीत एका राउटरने ताल द्यायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा; धानाच्या रोवणीत एकीने गाणं धरलं की बाकीच्यांचे हात चालतात, तसंच. ताल कोणी द्यायचा हे केबलचं टोक ठरवतं. वर्षभर ताल देणारं ते मानाचं टोक डाव्या राउटरला असायचं. डिंपलने डाव्यावर झोकात ताल देण्याचा हुकूम टाइप केला.

राउटरने साफ नाही म्हटलं. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. डिंपल फिस्सकन हसली.

"काऊन हासून राहिली वो?" परीक्षक खेमराज सर खेकसले. "दहाच मिनिटं उरली."

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परवा खंडेनवमीला यंत्रं पुजताना केबल हौसेने काढून पुसली होती तिनेच. दोन्ही टोकांना हळदकुंकू फासून परत लावतानाही तीच होती. टोकांवरची अक्षरं कुंकवाखाली पार गडप झाली होती.

"सर, केबल मीच उलटी लावली. पूजेच्या नादात."

"मंग आता कुंकू खरडत बसतेस का?"

"कायले? राउटरलेच विचारतो ना!"

तिने एका ओळीत विचारलं. डाव्याने मुकाट कबूल केलं, की त्याच्याकडे ताल पाळणारं टोक आहे. डिंपल खुर्चीसकट उजवीकडे घसरली, उजव्या राउटरला सेकंदाला चौसष्ट हजार ठोक्यांचा ताल द्यायला लावला, आणि मेलेली लाइन टुणकन जिवंत झाली. तिने पाच संदेश पाठवले. पोचलेल्या प्रत्येकाचं एक, अशी पाच उद्गारचिन्हं पडद्यावर उभी राहिली.

"पास," सर म्हणाले. "आता नाचाचं असंल तर बाहेर नाच."

बाहेर तिने गावी, बिरसीला फोन लावला. आई, सावित्रीबाई, धान कापत होती.

"आई, मी पास! सोमवारी नागपूरले जाऊन राहिलो!"

"सोमवारी कायले?" आईचा श्वास फुलला होता. "उद्याच निंग. तुह्या बापाचं मन पलटाच्या आधी मीच तुले गाडीत बसवतो."